चारशे पौंडांच्या दराचे हातात किती?

ब्रिटनमध्ये कंत्राटावर काम घेणारा माणूस अम्ब्रेला कंपन्यांना, म्हणजे त्याला कागदोपत्री नोकरीवर ठेवून पगार देणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांना, फोन लावतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, "हातात किती देता?" जी कंपनी सर्वांत मोठा आकडा सांगते, तिच्याकडे तो जातो. फसवणुकीला सुरुवात इथेच होते. प्रामाणिकपणे चालणाऱ्या दोन अम्ब्रेला कंपन्यांच्या हिशेबात फार तर आठवड्याला पाच-दहा पौंडांचा फरक पडतो, त्याहून जास्त पडूच शकत नाही. आयकराचे दर सरकारने ठरवलेले, नॅशनल इन्शुरन्सचे, म्हणजे सामाजिक सुरक्षेच्या सक्तीच्या वर्गणीचेही तसेच. कंपनीच्या स्वतःच्या हाती असते ते फक्त तिचे मार्जिन, म्हणजे तिची फी, आणि ते साधारण आठवड्याला १५ ते ३० पौंड असते. मग एखादी कंपनी आठवड्याला चारशे पौंड जास्त देऊ म्हणते, ते कुठून आणते? ते न भरलेल्या कराचे पैसे असतात, आणि तो कर तुमच्या नावावरचा असतो.

स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स, हॅरो या भागांत आयटीत कंत्राटावर काम करणारी मराठी माणसे बरीच आहेत. कोणी डिपेंडंट व्हिसावर, कोणी ग्रॅज्युएट व्हिसावर, कोणी कायम वास्तव्याचा परवाना मिळवून. यातले बरेच जण पूर्वी स्वतःची लिमिटेड कंपनी काढून काम करत. एप्रिल २०२१ मध्ये 'आयआर३५'चे, म्हणजे अशा कंपन्यांआडून नोकरासारखे काम करणाऱ्यांवरच्या कराचे, बदललेले नियम खासगी क्षेत्रालाही लागू झाले. कंत्राटी माणूस कराच्या दृष्टीने नोकर आहे की नाही, हे ठरवण्याची जबाबदारी मध्यम आणि मोठ्या ग्राहक कंपन्यांवर आली. त्या कंपन्यांनी धोका नको म्हणून सरसकट सांगून टाकले, काम हवे तर अम्ब्रेलातून या. अम्ब्रेला कंपनी तुम्हाला कागदोपत्री नोकरीवर ठेवते, काम मिळवून देणाऱ्या एजन्सीकडून पैसे घेते, कर कापते आणि उरलेला पगार देते. कामाशी तिचा संबंध नसतो. म्हणजे विश्वासाखेरीज विकण्यासारखे तिच्याकडे काही नसते, आणि नेमका तोच तपासायची सोय आपल्याकडे नसते असे बहुतेकांना वाटते.

सोय आहे. ती आकड्यांत आहे. रोजचा दर ४०० पौंड, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे एजन्सी अम्ब्रेलाला २,००० पौंड देते. या दोन हजारांना लोक पगार समजतात. तो पगार नाही, कंपनीला मिळालेले बिल आहे, आणि मालकाने भरायच्या सगळ्या रकमा आधी त्यातूनच जातात. मार्जिन २५ पौंड धरू. मालकाचा नॅशनल इन्शुरन्स एप्रिल २०२५ पासून १५ टक्के आहे आणि तो आठवड्याच्या ९६ पौंडांवरच्या पगारावर लागतो. तो येतो सुमारे २४४ पौंड. अॅप्रेंटिसशिप लेव्ही, म्हणजे मालकावरचा प्रशिक्षणासाठीचा कर, अर्धा टक्का, साधारण ८ पौंड ६० पेन्स. हे सारे वजा जाता तुमचा ढोबळ, म्हणजे तुमच्या कपातींपूर्वीचा, पगार १,७२२ पौंड उरतो. त्यात सुट्टीचे पैसेही आले. कायद्याने वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा आहे आणि तिचा हिशेब १२.०७ टक्क्यांनी करतात. म्हणजे मूळ पगार १,५३७ आणि रजेचे १८५ पौंड. पाचाने भागले तर ज्याला आपण ४०० चा दर म्हणत होतो, तो मूळ पगाराच्या भाषेत दिवसाला ३०७ चा आहे. एजन्सीशी घासाघीस करताना हाच आकडा समोर ठेवावा.

आता तुमचा स्वतःचा कर. १२५७एल हा नेहमीचा टॅक्स कोड असेल, तर आठवड्याला सुमारे २४२ पौंड करमुक्त, पुढच्या ७२५ वर २० टक्के, त्यावर ४० टक्के. आयकर होतो सुमारे ४४७. तुमचा नॅशनल इन्शुरन्स ९६७ पौंडांपर्यंत ८ टक्के आणि पुढे २ टक्के, म्हणजे ७३. पेन्शन आणि विद्यार्थी कर्जाची कपात नाही असे धरले, तर बँकेत येतात जेमतेम १,२०० पौंड. एजन्सीने दिलेल्या रकमेच्या ६० टक्के. या दराला ७० टक्के सांगणाऱ्याकडे खुलासा मागा. ८० किंवा ८५ टक्के सांगणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवा.

खरी बचत करायचा एक सरळ मार्ग आहे, तो म्हणजे पेन्शन. काही कंपन्या सॅलरी सॅक्रिफाइसने, म्हणजे पगाराचा काही भाग कर लागण्याआधीच सोडायला लावून, पेन्शनमध्ये पैसे वळवतात, आणि त्यामुळे मालकाचा जो नॅशनल इन्शुरन्स वाचतो तोही तुमच्याच पेन्शनमध्ये टाकतात. ही सोय आहे का, वाचलेली रक्कम पूर्ण टाकता का, हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत. मात्र ते पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात. हातात जास्त पडत नाहीत.

८५ टक्क्यांचे गणित बसवतात कसे? कागदावर तुम्हाला किमान वेतन दाखवतात, ४० तासांचे साधारण ५०० पौंड. त्यावरचा किरकोळ कर रीतसर भरतात. बाकीचे हजार-बाराशे पौंड वेगळ्या नावाने येतात. पूर्वी ते नाव उघडपणे 'कर्ज' असे होते. आता ते उचल, ॲन्युइटी, शेअरवरचा हक्क, भांडवली आगाऊ रक्कम, क्रेडिट सुविधा अशी रूपे घेते. दरवेळी दावा तोच असतो, की हे उत्पन्न नाही, त्यामुळे यावर कर नाही. परत कधीच न करायचे कर्ज म्हणजे कर्ज नव्हे, पगार. ब्रिटनचे करखाते, म्हणजे एचएमआरसी, हेच सांगत आले आहे. उरलेले दोन-तीनशे पौंड योजना चालवणारा फी म्हणून ठेवतो. कर बुडवल्याचा फायदा दोघांत वाटला जातो, नोटीस मात्र एकट्या तुम्हाला येते.

भारतातून नव्याने आलेल्या माणसाला यात काही खटकत नाही, याचे एक कारण आपल्याकडच्या सवयीत आहे. आयकर कायद्यातल्या अंदाजित उत्पन्नाच्या कलमाखाली (१९६१ च्या कायद्यात ते ४४एडीए होते) व्यावसायिकाने जमेची निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली, की त्याच रकमेवर कर लागतो, आणि हे पूर्ण कायदेशीर असते. पुण्यात राहून सल्लागार म्हणून बिले काढलेल्याला ८५ टक्के हातात येणे नवलाचे वाटत नाही. त्याला वाटते, इथेही असेच काही कलम असेल. तसे कलम इथे नाही. त्यात योजना सांगणारा बहुधा आपल्याच ओळखीचा असतो, गणेशोत्सवात भेटलेला, आधीच्या प्रोजेक्टवर शेजारी बसणारा. या कंपन्या मित्र आणणाऱ्याला बक्षीस देतात. सांगणाऱ्याच्या मनात खोट असेलच असे नाही, पण "मला दोन वर्षांत काही झाले नाही" याला पुराव्याची किंमत नाही. निष्काळजीपणाने कमी भरलेल्या कराची प्रकरणे एचएमआरसी सहा वर्षे मागे जाऊन उघडू शकते, जाणूनबुजून बुडवलेल्याची वीस वर्षे.

हे किती मागे जाऊ शकते, ते 'लोन चार्ज'ने दाखवले. २०१७ च्या कायद्याने ठरले, की अशा योजनांतली जी कर्जे ५ एप्रिल २०१९ रोजी फिटलेली नसतील ती सगळी त्या एकाच वर्षाचे उत्पन्न धरायची. सुरुवातीला हा नियम १९९९ पर्यंत मागे जात होता. सर अमियास मोर्स यांच्या आढाव्यानंतर तो ९ डिसेंबर २०१० पासूनच्या कर्जांपुरता ठेवला गेला. अनेक वर्षांची रक्कम एका वर्षात आल्याने लोक थेट वरच्या कराच्या पट्ट्यात गेले. घरे विकावी लागली, संसार मोडले, काहींनी जीव दिला. त्या योजना बनवून विकणाऱ्यांकडून त्या मानाने फारच थोडे वसूल झाले.

यात नागरिकांनी सरकारला जाब विचारायला हवा. पगार देण्याच्या दिवशी किंवा त्याआधी प्रत्येक मालक पगाराचा आकडा एचएमआरसीला कळवतो. ही पद्धत २०१३ पासून आहे. दिवसाला ४०० पौंडांच्या दराने बँकेसाठी काम करणारा सॉफ्टवेअर अभियंता महिनोन्महिने किमान वेतनावर दिसतो आणि कोणाला काही वाटत नाही, हे पटत नाही. एजन्सीने अम्ब्रेलाला किती दिले हा आकडा पगाराच्या त्याच नोंदीशेजारी सक्तीने भरायला लावला, तर ही फसवणूक पहिल्या महिन्यात पकडता येईल. आजची पद्धत म्हणजे दहा वर्षांनी येऊन व्याजासकट मागायचे. या देशात नवीन असलेला, एजन्सीने दिलेल्या यादीतून कंपनी निवडणारा माणूस या साखळीतला सर्वांत दुबळा दुवा आहे, आणि तपासणीचे सगळे ओझे त्याच्याच डोक्यावर ठेवले गेले. "८० टक्के मिळतात तेव्हा कळायला नको होते का?" असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, आज माहिती उपलब्ध असताना तर अधिकच. पण त्याला यादी देणाऱ्या एजन्सीला हिशेब अधिक चांगला कळत होता. काही एजन्सींना त्या यादीतल्या कंपन्यांकडून प्रत्येक माणसामागे पैसेही मिळत होते.

म्हणून ६ एप्रिल २०२६ पासूनचा बदल योग्य दिशेचा आहे. अम्ब्रेलाने कर भरला नाही, तर तो एजन्सीकडून वसूल करता येतो, आणि एजन्सी नसेल तर ग्राहक कंपनीकडून. "आम्ही चौकशी केली होती" हे सांगून एजन्सीला सुटता येत नाही. पैशाची जबाबदारी आली की यादी आपोआप स्वच्छ होऊ लागते. पण म्हणून निर्धास्त होऊ नये. ही तरतूद कर आणि नॅशनल इन्शुरन्सपुरती आहे. तुमच्या रजेचे पैसे, पेन्शनचा हप्ता, वाढवून लावलेले खर्च यांत ती येत नाही. २०२५ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टने अम्ब्रेला कंपन्यांना एजन्सींच्या नियमनाच्या कक्षेत आणायची सोय केली आहे. तिचे नियम प्रत्यक्ष अंमलात येईपर्यंत तपासणी आपल्यालाच करायची आहे.

ती सही करण्याआधी करायची. एप्रिल २०२० पासून एजन्सीने तुम्हाला अटी ठरण्यापूर्वी एक मुख्य माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे. ते दोन पानांच्या आतले असते. पगार कोण देणार, कोणत्या कपाती होणार आणि नमुन्याच्या दरावर हातात किती येणार, हे त्यात असते. ते मागितल्याशिवाय बऱ्याचदा मिळत नाही. मागा. मग अम्ब्रेलाकडून तुमच्याच दराचा लेखी हिशेब मागवा आणि वर दिला तसा ओळ-ओळ ताडून पाहा. एचएमआरसीच्या संकेतस्थळावर अम्ब्रेलाच्या पगाराचा अंदाज काढायचे साधन फुकट आहे, त्याचा आकडा शेजारी ठेवा. फरक २०-२५ पौंडांचा असेल तर विचारून घ्या. शंभराच्या पुढे असेल तर सोडून द्या.

कंपनीज हाउसच्या, म्हणजे सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या, नोंदी कोणालाही फुकट पाहता येतात. कंपनी कधी स्थापन झाली, हिशेबपत्रके वेळेवर दाखल केली का, संचालक कोण, तोच संचालक अजून किती कंपन्यांवर आहे, नाव किती वेळा बदलले, हे दहा मिनिटांत कळते. सहा महिन्यांपूर्वी निघालेली, एकच संचालक असलेली आणि तो संचालक ब्रिटनबाहेर राहणारा, अशी कंपनी दिसली की थांबा. ही बहुधा 'मिनी अम्ब्रेला' असते. अशा शेकडो छोट्या कंपन्या काढून प्रत्येकीत मोजकी माणसे ठेवतात आणि लहान मालकांसाठी असलेली एम्प्लॉयमेंट अलाउन्स, म्हणजे वर्षाला १०,५०० पौंडांपर्यंतची नॅशनल इन्शुरन्सची सवलत, प्रत्येकीच्या नावावर उकळतात. कामगाराला याचा पत्ताही नसतो. त्याला इतकेच दिसते, की पे-स्लिपवरचे मालकाचे नाव दर काही महिन्यांनी बदलते आणि ते नाव कधी ऐकलेले नसते.

एफसीएसए किंवा प्रोफेशनल पासपोर्ट या अम्ब्रेला कंपन्या तपासणाऱ्या खासगी संस्थांचे प्रमाणपत्र असणे चांगले. पण कंपनीच्या पानावरचा शिक्का पाहून भागत नाही, त्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत नाव शोधावे लागते. "एचएमआरसीने मान्यता दिलेली" असे जिथे लिहिले असेल, तिथे मात्र शोधायचीही गरज नाही. एचएमआरसी कुठल्याही अम्ब्रेलाला किंवा योजनेला मान्यता देत नाही. योजनेला मिळालेला नोंदणी क्रमांक दाखवून काही जण ती पसंतीची पावती असल्याचे भासवतात. तो क्रमांक कर टाळण्याची योजना म्हणून नोंद झाल्याचा असतो, म्हणजे अर्थ अगदी उलटा. तसेच मोठ्या वकिलाचा अभिप्राय. तो तुम्हाला पूर्ण वाचायला मिळत नाही, आणि मिळाला तरी करखात्यावर तो बंधनकारक नसतो. एचएमआरसी संशयित योजनांची आणि त्या चालवणाऱ्यांची नावे जाहीर करते, ती यादी जरूर पाहावी. पण ती पूर्ण नसते, आणि नाव जास्तीत जास्त १२ महिनेच तिच्यावर राहते. यादीत नाव नाही याचा अर्थ कंपनी स्वच्छ आहे असा होत नाही.

प्रवासखर्चाचे आमिष अजून चालू आहे. घर ते कामाच्या जागेचा प्रवास आणि जेवण यांवरची करसवलत अम्ब्रेलातल्या बहुतेकांना एप्रिल २०१६ पासून मिळत नाही. "पावत्या लागत नाहीत, आम्ही बसवून देतो" असे कोणी म्हणाले तर तो कोणत्या जातीचा व्यवहार आहे हे कळायला दुसरा पुरावा नको.

पहिला पगार आल्यावर तीन आकडे शेजारी मांडा: बँकेत आलेली रक्कम, पे-स्लिपवरची निव्वळ रक्कम आणि एचएमआरसीच्या ॲपमध्ये त्या मालकाने कळवलेला पगार. पहिले दोन जुळायला हवेत, आणि तिसरा पे-स्लिपवरच्या ढोबळ पगाराशी. बँकेत एकाच दिवशी दोन रकमा आल्या, एक पे-स्लिपशी जुळणारी आणि दुसरी वेगळ्याच नावाने, तर तुम्ही योजनेत अडकला आहात. तुम्ही कशावर सही केली होती, याने त्यात फरक पडत नाही. ॲपमध्ये मालक म्हणून भलतेच नाव दिसले, किंवा तुम्ही १,७०० मिळवत असताना ५०० दिसले, तरी तेच.

मोठी फसवणूक नसलेल्या कंपन्यांतही चिल्लर चोरी चालते, आणि ती शोधायला पे-स्लिपसोबतचा हिशेबाचा ताळा लागतो. एजन्सीने दिलेल्या रकमेपासून ढोबळ पगारापर्यंतच्या सगळ्या ओळी त्यात असतात. 'मालकाचे खर्च' अशी एकच गोळाबेरीज ओळ असेल तर ती फोडून मागा. नॅशनल इन्शुरन्स लावताना ९६ पौंडांची सूट गाळली, तर आठवड्याला १४ पौंड ४० पेन्स जास्त जातात. ४८ आठवड्यांत ६९१ पौंड होतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. विमा, प्रक्रिया शुल्क, लवकर पगार देण्याची फी अशा ओळी मार्जिनच्या जोडीला दिसल्या तर मार्जिन कमी सांगून भरपाई चालली आहे. मालकाचा नॅशनल इन्शुरन्स ढोबळ पगाराच्या खाली, तुमच्या कपातींत दाखवला असेल तर ते थेट बेकायदा आहे. तो वरच, बिलाच्या रकमेतून जायला हवा.

सगळ्यात मोठी रक्कम बुडते ती रजेची. वरच्या उदाहरणात आठवड्याला १८५ पौंड बाजूला पडतात, दहा आठवड्यांत सुमारे १,८५०. कंपनी ते दर आठवड्याच्या पगारातच देते की साठवते, हे करारात पाहा. साठवत असेल, तर रजेच्या वर्षाअखेरीला न घेतलेल्या रकमेचे काय होते आणि नोकरी सोडताना ती मिळते का, ही दोन कलमे शोधा. प्रोजेक्ट तीन महिन्यांत संपला, माणूस दुसऱ्या कंपनीत गेला, पी४५, म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद, आला आणि रजेचे पैसे मागायचे राहून गेले, असे सर्रास होते. साठवलेली रक्कम प्रत्येक पे-स्लिपवर लिहिलेली असावी असा आग्रह धरा.

आधीच योजनेत सापडलेल्यांसाठी वेळ महत्त्वाची आहे. थकलेल्या करावर एप्रिल २०२५ पासून बँक ऑफ इंग्लंडच्या दरापेक्षा चार टक्के जास्त व्याज चढते. आधी कागद गोळा करा: करार, कर्जाचे किंवा उचलीचे पत्र, पे-स्लिप, बँकेचे उतारे, भरती करणाऱ्याचे ईमेल आणि व्हॉट्सॲप संदेश. कंपनी गुंडाळली की तिचे पोर्टल बंद होते आणि यातले काही मिळत नाही. मग बाहेर पडा आणि स्वतः होऊन एचएमआरसीशी संपर्क साधा. आपणहून सांगणाऱ्याला दंड कमी लागतो आणि रक्कम हप्त्यांत भरायची सोय मागता येते. उत्पन्न कमी असेल तर टॅक्सएड ही धर्मादाय संस्था मोफत सल्ला देते. नागरिकत्वाचा अर्ज करणार असाल तर हे अधिकच तातडीचे. सद्वर्तनाच्या अटीत करव्यवहारही पाहिले जातात, आणि मिटवलेले प्रकरण लपवलेल्या प्रकरणापेक्षा नेहमीच बरे.

काही वर्षांनी एखाद्या अनोळखी कंपनीचे पत्र येऊ शकते: तुमचे 'कर्ज' आम्ही विकत घेतले आहे, ते फेडा, नाहीतर थोडी रक्कम भरून माफ करून घ्या. जुन्या योजनांतल्या लोकांना अशी पत्रे आलेली आहेत. त्या कंपनीला पैसे दिले तरी एचएमआरसीचे देणे तसूभरही कमी होत नाही, आणि कर्ज माफ झाल्याच्या कागदाने नवा कर उभा राहू शकतो. त्यामुळे करसल्लागाराला दाखवल्याशिवाय त्या पत्राला उत्तर देऊ नका, पैसे भरू नका आणि फोनवर कर्ज मान्य करू नका.